हे शिकून करणार काय?

मागच्या रविवारी फर्दापूरला बहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता दाजींनी विषय काढला. "तुमच्या भाचीला जरा समजावा. बीए झाल्यावर म्हणते, डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये एमए करायचंय. ते शिकून माणूस करतो काय?" आतून भाचीचा आवाज आला, "मामा, तुम्हीच सांगा पप्पांना!"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. दोघांचंही समाधान झालं नाही. परत येताना गाडीत सुचलं ते सगळं, नेहमीप्रमाणे उशिरा. म्हणून आता लिहून काढतोय. दाजी वाचतीलच.

दाजी, तुमचा प्रश्न चुकीचा नाही. दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस, आणि तेवढ्या काळात बँकेच्या परीक्षा देऊन कुठेतरी चिकटण्याची संधी हातची जाणार. हा हिशोब तुम्ही मांडलात, त्याला अर्थशास्त्रातही नाव आहे. पण तुम्ही विचारलंत की हा विषय नेमका कशाबद्दल आहे, तर उत्तर तुमच्या दुकानातच आहे.

अजिंठ्याला येणाऱ्या गाड्या टी-पॉइंटला थांबतात, पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. अख्खं जग आपल्या दुकानावरून जातं, थोडे लोक दगड, स्फटिक, चित्रांची पुस्तकं घेतात, बाकीचे मुक्कामाला संभाजीनगरला परत. जगप्रसिद्ध लेणी दाराशी असूनही गावाच्या हाती इतकं कमी का राहतं? पर्यटकाचे पैसे वाटेत कुठे कुठे थांबतात? विकासाचं अर्थशास्त्र म्हणजे साधारण असेच प्रश्न, फक्त नीट मोजून विचारलेले.

आता मोजण्याचंच बघा. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली ती डिसेंबरपर्यंत. तुम्ही घरी बसून होतात. पण रोजगाराच्या सरकारी पाहणीत नियम असा, की ज्याचा स्वतःचा धंदा आहे पण त्या आठवड्यात काही कारणाने काम झालं नाही, तोही रोजगारात धरला जातो. म्हणजे गल्ल्यात रुपया नाही, आणि कागदावर तुम्ही बेरोजगार नाही! यात कुणाची लबाडी नाही, नियमच तसा आहे. पण तो आकडा वाचताना त्यामागचं बंद शटर ज्याला दिसतं असा माणूस त्या टेबलापाशी बसलेला असावा की नसावा?

दुसरं उदाहरणही गावातलंच. अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानकडून कर्ज आलं, पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. लेण्यांचं जतन, रस्ते, पाणी, झाडं, विमानतळ असं बरंच त्यात होतं. त्यातूनच २०१३ मध्ये मोठं अभ्यागत केंद्र सुरू झालं, आत लेण्यांच्या प्रतिकृती. पुढे पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि ते बंद पडलं. इमारत बांधायला पैसा मिळतो, ती चालवायला मिळत नाही, हे आपण पारावर बसून हजारदा बोललो असू. पण असं का होतं, आणि करार करतानाच ते कसं टाळायचं, हे शोधण्याची रीतसर नोकरी असते हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हा काही परदेशी चोचला नाही. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. तिथल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला. रोज २२५० उष्मांकांचं जेवण मिळायला खेड्यात माणशी महिना १५ रुपये लागतात (१९६०-६१ च्या भावाने), आणि खेड्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांकडे तेवढेही नाहीत. गरिबी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती आहे, हे सांगितल्यावर मात्र उडवून लावता येईना.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडीची चव तिच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. त्या कामांमागचा विचार वि. स. पागे यांचा. ते काही अर्थतज्ज्ञ नव्हते. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा लावला. पुढे ज्याँ द्रेझसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला, आणि २००५ च्या केंद्राच्या रोजगार कायद्याच्या घडणीतही द्रेझ होते. खडी आजीने फोडली, विचार पाग्यांचा, पण तो देशभर पोचायला अभ्यास करणारेही लागलेच ना?

बरं, नोकऱ्या. एमएनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आहे. नाबार्ड आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची जिल्ह्यात कार्यालयं असतात. संशोधन संस्थांत सहायक म्हणून गावोगाव पाहणी करायची कामं असतात. २०१९ चं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं, त्यांच्या कामामागेही अशी दारोदार प्रश्न विचारणारी पोरंपोरी आहेतच. शिकायला पुण्याची गोखले, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, ग्रामीण विकासासाठी तुळजापूरला टाटा संस्थेचं आवार.

आता भाचीसाठी दोन शब्द, कारण तुझीच बाजू घेतली तर दाजी मला चहा देणार नाहीत. एक, गणित आणि संख्याशास्त्र पक्कं कर. नुसत्या कळकळीवर या विषयात फार लांब जाता येत नाही. दोन, सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, आज आहे तर उद्या नाही. एक प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. म्हणून आर्थिक सेवा किंवा नाबार्डची तयारी पहिल्या वर्षापासून बाजूला चालू ठेव.

मला खरी भीती मात्र वेगळीच आहे. गावाचा अभ्यास करता करता माणूस गावापासून इतका लांब जातो, की शेवटी गाव त्याच्या तक्त्यातली एक ओळ होऊन बसतं. त्यावर उपाय एकच. टी-पॉइंटवर वाढलेल्या पोरींनीच तिथे जावं. काहीतरी चुकलं की त्यांना पप्पांचं दुकान आठवेल.

तेव्हा दाजी, माझं मत पाठवा असं आहे. पहिल्या वर्षाच्या फीमध्ये माझाही वाटा धरा, म्हणजे नुसतं ब्लॉगवर लिहून मोकळा झाला असं तुम्ही म्हणायला नको. एकच अट. पहिल्या सुट्टीत तिने घरी येऊन दुकानाचा वर्षभराचा जमाखर्च नीट मांडून दाखवायचा. तो तुम्हाला पटला, तर पुढच्या वर्षाचं बोलू.

बाकी वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं या वाटेने गेली असतील तर जरूर लिहा. दाजींना माझ्यापेक्षा तुमचं जास्त पटेल.