‘बिस्पोक’ लिहिताय? मग आधी माप घ्या!

ब्लाउज असो, फर्निचर असो, जाहिरातीत ‘बिस्पोक’ लिहायची हल्ली फॅशन आहे. शब्द भारी आहे, पण माझं स्पष्ट मत: अर्थ कळल्याशिवाय वापरू नका.

हे विशेषण ‘बिस्पीक’ म्हणजे ‘आधी सांगून ठेवणे’ या क्रियापदावरून आलं. लंडनच्या सॅव्हिल रोवरचे शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेऊन त्याच्यासाठी वेगळा नमुना कापतात, तो सूट बिस्पोक. तयार नमुन्यात फेरफार केला, तर ‘मेड टू मेजर’. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने मशीनवर शिवलेल्या सुटालाही ‘बिस्पोक’ चालेल असं ठरवलं. नियमात बसलं, पण गिऱ्हाइकाच्या मनात बसतं का, ते बघा!

आता वाक्यं. ‘वी स्टिच बिस्पोक ब्लाउजेस’: गळा, बाही, माप सगळं ताईंनी सांगितलेलं असेल, तर बरोबर. ‘बिस्पोक कुर्तीज, साइझ एस, एम, एल’: साफ चूक.

या शब्दावर तुम्ही जास्त दर लावता. हातात तयार माल पडला, तर गिऱ्हाईक परत येईल का? फक्त रंग निवडता येत असेल, तर सरळ लिहा, ‘आवडीच्या रंगात मिळेल’. साध्या शब्दाने गिऱ्हाईक तुटत नाही, पोकळ शब्दाने तुटतं.