मत्स्यबीजाचे पाणी कोण तपासणार?

पंचगंगेत मासे तरंगले की बातमी होते. उबवणी केंद्राच्या हौदात मत्स्यजिरे दगावतात, ते कुणाला दिसत नाही. गडमुडशिंगीच्या शेततळ्यापर्यंत येतो तो फक्त तोटा.

रोहू-कटल्याची अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. मेलेल्या अंड्यांवर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारची जिवंत अंडीही घेरते. पाण्यातला प्राणवायू फार घसरला तर जिरे तग धरत नाहीत. नळाचे क्लोरीनचे पाणी थेट सोडणे म्हणजे तर घातच. आणि एका हौदातले ओले जाळे दुसऱ्यात बुडवण्याची सवय? रोग त्याच वाटेने फिरतो.

बीज संख्येवर विकले जाते, पाण्याच्या नोंदीवर नव्हे. मत्स्यव्यवसाय विभागाने ही नोंद विक्रीच्या पावतीला जोडणे सक्तीचे करावे. तोवर शेतकऱ्याने पिशवी ताब्यात घेण्याआधी ती मागावी.