बाकी राहिलेली ओवाळणी

दिवाळी अंकात कॅन्सरविषयी लिहिणार म्हटल्यावर पहिली हरकत घरातूनच आली. "चकल्या-करंज्यांच्या दिवसांत हे काय अभद्र!" असं सौ. म्हणाल्या, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण मला विचाराल, तर गेलेल्या माणसांची मोजदाद दिवाळीतच होते. श्राद्धाला भटजी तिथी सांगतात. दिवाळीला पाट मांडताना एक पाट कमी लागतो, ते कुणी सांगावं लागत नाही. त्यातून भाऊबीज! माझ्या वडिलांना १९६७ नंतर चुलतबहिणींनी ओवाळलं, शेजारच्या काकूंनी ओवाळलं. आत्याने नाही.

आत्या कराडची. अंगाने उंच, आवाज खणखणीत आणि पत्त्यांत पक्की लबाड. झब्बू खेळताना नको असलेलं पान ती मांडीखाली सारायची. पकडली गेली की आमच्यावर नव्हे, त्या पानावरच ओरडायची, "मेल्या गुलामा, तू इथे कधी येऊन बसलास?" दर पंधरवड्याला ती तव्यावर तंबाखू भाजत बसे. धूर माजघरभर व्हायचा, आम्ही मुलं शिंकत अंगणात पळायचो. मग ती काळी कुळकुळीत मिश्री पितळी डबीत भरली जाई आणि दिवसातून तीनदा दातांवरून बोट फिरे. तिला तंबाखूचं व्यसन आहे असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याची चांगली हजेरी घेतली असती. ते दंतमंजन होतं! तिच्या आईचं तेच, सासूचंही तेच. तोंडाच्या कॅन्सरचं ते एक ठळक कारण आहे, हे आज डॉक्टर सांगतात. तेव्हा आमच्या माजघरात ते पोहोचलं नव्हतं.

आधी गालाच्या आत पांढरा चट्टा आला. मग तिथेच बारीक जखम झाली, ती भरेना. पण दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. गावातल्या एका डॉक्टरांनी ग्लिसरीन लावायला दिलं आणि त्यात तीन महिने गेले. मानेत गाठ हाताला लागली तेव्हा वडील तिला घेऊन मुंबईला आले. दादरला मामांच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं.

नातेवाइकांत निरोप गेला तो एवढाच, "टाटाला नेलंय." रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. परळच्या त्या इस्पितळाचं नावच रोगाचं नाव होऊन बसलं होतं.

त्या नावामागे एका नवऱ्याचं दुःख आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. मेहेरबाई टाटा या सर दोराबजींच्या पत्नी. साडी नेसून टेनिस खेळायच्या. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकच्या टेनिसमध्येसुद्धा त्यांचं नाव होतं. बालविवाहाला बंदी घालणारा कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने त्या गेल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत दोराबजीही गेले. पण जाण्यापूर्वी त्या रोगाच्या संशोधनासाठी त्यांनी बायकोच्या नावाने निधी काढला होता. त्यांच्या मागे त्यांच्याच विश्वस्त निधीतून परळचं इस्पितळ उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. पुढे १९६२ साली ते अणुशक्ती खात्याकडे गेलं, तेव्हा खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंचे सख्खे भाचे! आत्याचं नाव असं भाच्याच्या हाती जावं, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. असो.

आमच्या आत्याला मात्र सांगितलं होतं, "गळू आहे." शस्त्रक्रिया झाली, पुढे आठवड्यांमागून आठवडे लाइट दिला, तरी घरात शब्द तोच. तेव्हाची रीतच ती. रोग्याने धीर सोडू नये म्हणून घरच्यांनी खोटं बोलायचं, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून रोग्याने ते खरं मानल्याचं दाखवायचं. प्रेमापोटीच हे सगळं, यात शंका नाही. पण त्यापायी दोन सख्खी भावंडं वर्षभर एकमेकांशी गळवाविषयी बोलत राहिली, याचा मला अजून राग येतो.

१९६६ची भाऊबीज दादरलाच झाली. आत्याचा खणखणीत आवाज गेला होता. शब्द कळायला कान तोंडाजवळ न्यावा लागे. तिने पदराने गाल झाकून वडिलांना ओवाळलं. वडिलांनी ताटात दहाची नोट टाकली. दरवर्षी पाच असायचे. तिने नोटेकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, नोट उचलून त्यांच्या खिशात घातली आणि सावकाश म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन्ही मिळून दे. देणं लागतोस हं मला."

वडील "बरं" म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले. रात्री जेवायलाच आले.

१९६७च्या उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर आमच्याकडे तिचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "फार हाल झाले हो," आणि सगळे गप्प. पन्नास वर्षांच्या हसऱ्या, लबाड बाईचं शेवटचं वर्ष तेवढं उरलं.

परवा माझ्या नातीने जुन्या फोटोत तिला पाहिलं आणि विचारलं, "या कशाने गेल्या?" सौ. माझ्याकडे पाहू लागल्या. मी सांगितलं, "कॅन्सरने. तोंडाच्या."

"खूप दुखलं?"

"शेवटी दुखलं. सुरुवातीला मुळीच नाही. म्हणून तर वेळ गेला. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायची."

तिने मान डोलावली. मग फोटो जवळ घेऊन म्हणाली, "या हसू दाबतायत का?"

तेव्हा पत्ते काढले आणि मांडीखालचा गुलाम तिला करून दाखवला.