पोरांना चिकन द्या, जळके तेल देऊ नका

संध्याकाळ झाली की वस्तीच्या नाक्यावर क्रिस्पी चिकनची गाडी लागते. क्लासवरून येणारी पोरे तिथेच घुटमळतात. घरात ओरडा बसतो, तरी खिशातले वीस-तीस रुपये गाडीवरच जातात. आमच्या मते दोष पोरांचा नाही. ती चव घरात मिळत नाही म्हणून ती बाहेर शोधतात. ओरडण्यापेक्षा तोच पदार्थ घरी केलेला बरा.

चिकन वाईट नाही. १०० ग्रॅम चिकनमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि वाढत्या वयात ती हवीतच. वाईट आहे ते पुन्हा पुन्हा तापवलेले काळे तेल. अशा तेलात शरीराला अपायकारक घटक वाढतात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. पण नाक्यावर मोजायला कोण येतो? गाडीवालाही आपल्यासारखाच पोटासाठी उभा आहे. तेल महाग, म्हणून तो कालच्यातच आजचे ओततो. शिवाय पिठाचा थर इतका जाड, की पैसे चिकनचे आणि पोटात जातो मैदा.

घरी असे करा. अर्धा किलो बोनलेस चिकनचे पातळ, सारखे तुकडे करा. मोरीत नळाखाली धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात आणि जंतू पसरतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात हळूच धुवा. नंतर मोरी, सुरी आणि हात साबणाने स्वच्छ करा.

अर्धी वाटी दही, आले-लसूण, हळद, तिखट आणि एक छोटा चमचा मीठ लावून तुकडे फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. फ्रीज नसेल तर अर्धा तास पुरे. एक वाटी मैद्यात दोन चमचे तांदळाचे पीठ मिसळा. त्यावर दह्याच्या मसाल्याचे थोडे थेंब शिंपडून बोटांनी चोळा, म्हणजे बारीक कण होतात. कुरकुरीतपणा त्यातूनच येतो, लाल रंगाची गरज नाही. तुकडे पिठात दाबून, जास्तीचे पीठ झटकून दहा मिनिटे ठेवा.

लहान कढईत थोडेच तेल घ्या. मध्यम आचेवर तीन-चार तुकडेच सोडा. एक तुकडा मोडून पाहा, आत गुलाबी दिसले तर आणखी तळा. काढून जाळीवर ठेवा, वर्तमानपत्रावर नको, शाई अन्नाला लागते. पावात काकडी, कांदा, कोबी आणि हिरवी चटणी घाला. मेयोनीजऐवजी फडक्यात टांगलेल्या दह्यात लसूण कालवा, पोरे बोटे चाटतील.

एका खोलीत संसार असतो, म्हणून तळताना लहान मुले लांब ठेवा, दार उघडे ठेवा. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण टाका. उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळायला नको. काळे झाले, फेस आला तर टाकून द्या, पण मोरीत नाही, गटार तुंबते.

घरचे झाले तरी तळणच. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. घरात बीपी किंवा साखरेचा आजार असेल त्यांनी तेच तुकडे तव्यावर चमचाभर तेलात भाजून खावेत, मीठ कमी घालावे.

शेवटचे एक. हा घाट एकट्या आईच्या अंगावर टाकू नका. ज्याला खायचे आहे त्या पोराने कांदा चिरावा, बापाने मोरी घासावी. आईने उभे राहून तळायचे आणि बाकीच्यांनी बसून खायचे, हे आम्हाला मान्य नाही.