मतदाराचे आडाखे

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या, तर महायुतीला १७ जागा मिळाल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला आणि महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा पटकावल्या. जूनमध्ये ज्या मतदाराला सुज्ञ म्हटले गेले, तोच नोव्हेंबरमध्ये काहींच्या लेखी विकला गेलेला ठरला. दुसऱ्या बाजूचे शेरे नेमके उलट होते. मतदार निर्णय कसा घेतो, हे मात्र या शेऱ्यांतून कळत नाही.

जागांइतका मोठा बदल मतांमध्ये झाला नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी अंतर होते. विधानसभेला महायुतीचा वाटा सुमारे पाच टक्क्यांनी वाढला आणि महाविकास आघाडीचा सुमारे दहा टक्क्यांनी घटला. मतदानही ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या आपल्या पद्धतीत एवढ्या बदलानेही जागांचे चित्र पालटते. तेव्हा ‘सगळेच मतदार फिरले’ हा समज सोडून द्यायला हवा.

मतदाराची मूळ अडचण अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये नेमकी मांडली. एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. आपल्याकडे सरासरी लोकसभा मतदारसंघात १७-१८ लाख मतदार असतात. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र, त्याची सभागृहातील कामगिरी, पक्षाचा जाहीरनामा हे सारे तपासायला मात्र वेळ आणि श्रम लागतात. म्हणून पुष्कळ माणसे तो खटाटोप टाळतात. अभ्यासक याला ‘रॅशनल इग्नोरन्स’, म्हणजे विचारपूर्वक पत्करलेले अज्ञान म्हणतात. अनोळखी गावात आपण गर्दी पाहून खानावळ निवडतो, तसा मतदारही हाताशी असलेल्या खुणांवरून अंदाज बांधतो. मानसशास्त्रात अशा आडाख्यांना ‘ह्युरिस्टिक’ म्हणतात.

यातला सर्वांत जुना आडाखा निवडणूक चिन्हाचा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. आज मतदानयंत्रावर नावाबरोबर छायाचित्रही असते, तरी नजर आधी चिन्हच शोधते. साताऱ्यात २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह फेब्रुवारीत मिळाले आणि ७ मे रोजी तिथे मतदान झाले. त्याच यंत्रावर एका अपक्षासमोर दुसरी तुतारी होती, लोक जिला पिपाणी म्हणतात ती. त्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली आणि पवारांच्या पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. ती सगळी मते चुकून पडली, असे सिद्ध करता येणार नाही. पण निर्णयाचा केवढा भार एका लहानशा चित्रावर असतो, हे त्यातून दिसते.

दुसरा आडाखा जातीचा. त्याला केवळ अंध निष्ठा म्हणून मोकळे होता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ कांचन चंद्रा यांनी २००४ च्या ग्रंथात त्यामागचे कारण सांगितले आहे. दाखला, घरकुल, बदली, नोकरी अशा गोष्टी जिथे नियमापेक्षा ओळखीने मिळतात, तिथे ‘आपला माणूस’ कोण, हा व्यवहाराचा प्रश्न होतो. उमेदवाराविषयी दुसरी माहिती नसताना आडनाव हीच मोठी माहिती ठरते. मात्र ही सवय अढळ नाही. उत्तर प्रदेशात २००७ च्या विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांत प्रयोग केला. जातीवर नव्हे, विकासावर मत द्या, एवढाच संदेश तिथे पोचवला गेला. त्या गावांत जातीनुसार होणारे मतदान कमी झाले.

तिसरी गोष्ट स्मरणाची. शॉन कोल, अँड्र्यू हिली आणि एरिक वर्कर यांनी भारतातील पाऊसमान आणि राज्यांच्या निवडणुका यांचा एकत्र अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यांना शिक्षा करतात; मदत तत्परतेने पोचली, तर ती शिक्षा सौम्य होते. पण या दोन्ही गोष्टींचा परिणाम निवडणुकीच्या लगतच्या वर्षापुरता दिसतो. त्याआधीच्या वर्षांतले काम किंवा हलगर्जी मतपेटीपर्यंत पोचत नाही. शेवटच्या वर्षात घोषणांचा पाऊस का पडतो, याचे उत्तर इथे मिळते.

स्मरणाला भावनेची जोड असते. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक जाणवते, असे डॅनियल कानमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले. याला ‘लॉस अ‍ॅव्हर्जन’, म्हणजे तोट्याची धास्ती म्हणतात. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. दिंडोरीत मतदान २० मे रोजी झाले, तरी केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार तिथे पराभूत झाल्या. पराभवाला इतरही कारणे असतील, पण पडलेल्या भावात विकलेला कांदा बंदी उठल्याने परत येत नाही. विधानसभेपूर्वी मात्र ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बहिणींच्या स्वतःच्या खात्यात जमा होत होते. ताजा लाभ होता आणि तो बंद पडण्याची धास्तीही होती.

मग मत विकले जाते का? मुंबईतील निवडणुकांत सिमॉ शोशार या अभ्यासकाने उमेदवार आणि कार्यकर्त्यांच्या व्यवहाराचा मागोवा घेतला. पैसे वाटले जातात, पण गुप्त मतदानामुळे त्यांची वसुली करता येत नाही, असे त्यांना आढळले. प्रतिस्पर्धी वाटतो म्हणून आपणही वाटायचे, हा उमेदवारांचा हिशेब असतो. पाकीट घेतलेला मतदार आपल्या मनाप्रमाणे बटण दाबू शकतो.

शिवाय प्रत्येक निवडणुकीत मतदारासमोरचा प्रश्न वेगळा असतो. दिल्लीने २०१४ मध्ये लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला. २०१९ आणि २०२० मध्ये साधारण तेच घडले. देश कोणी चालवावा आणि शहर कोणी, याची उत्तरे मतदारांनी वेगळी दिली.

हे सारे एकत्र ठेवले, तर निष्कर्ष स्पष्ट होतो. भारतीय मतदार अविचारी नाही. अपुऱ्या माहितीतून तो बऱ्यापैकी शहाणे अंदाज बांधतो. पण त्याचे आडाखे राजकीय पक्षांना पक्के ठाऊक आहेत. सारखी दिसणारी चिन्हे, जातीची गणिते, अखेरच्या वर्षातील हप्ते हे सारे त्यांवरच बेतलेले असते. यात दोष मतदाराच्या बुद्धीपेक्षा माहितीच्या पुरवठ्याचा अधिक आहे.

हा पुरवठा सुधारता येतो. दिल्लीत २००८ च्या विधानसभा निवडणुकीआधी काही झोपडपट्ट्यांमध्ये आमदारांच्या कामाचे प्रगतिपुस्तक छापलेली वृत्तपत्रे घरोघरी दिली गेली. तिथे मतदान वाढले आणि चांगले काम केलेल्या आमदारांना अधिक मते मिळाली. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे आज संकेतस्थळावर असतात, पण ती तिथेच राहतात. आमदाराची हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न, निधीचा खर्च आणि त्याच्यावरील खटले हे सारे एका पानावर, सोप्या मराठीत, पाचही वर्षे दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शहरातील प्रभाग कार्यालयात लागले पाहिजे. निवडणूक आयोग आणि विधिमंडळ सचिवालय यांनी ही जबाबदारी घ्यावी, आणि मराठी वृत्तपत्रांनी ते पान छापावे. मतदाराला दूषणे देण्याचा अधिकार, त्याच्या हाती हे पान दिल्याशिवाय कोणालाही पोचत नाही.