बुजगावण्याचा पहिला नंबर



पेरणी आटोपली, पहिली कोळपणी झाली की सांजेला थोडी सवड मिळते. म्हणून या खेपेला खताचे आणि औषधाचे काही सांगत नाही. गाण्यांची प्रतवारी करू या. कांद्याची करतो तशीच; गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी.

गायक परदेशातला आहे. अमेरिकेत इंडियाना राज्य म्हणजे मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. तिथल्या सीमोर गावी १९५१ साली जन्मलेला जॉन मेलनकॅम्प. गाणी बहुतेक स्वतःच रचतो, स्वतःच गातो. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत त्याची कॅसेट वाजायची. शब्द निम्मेअधिक डोक्यावरून जात.

पहिला नंबर १९८५ च्या 'स्केअरक्रो'चा, म्हणजे बुजगावण्याचा. इथे मला विचारच करावा लागत नाही. १९७० नंतर तिकडे धान्याला भाव आला, जमिनी महागल्या, बँकांनी सढळ हाताने कर्जे वाटली. पुढे १९७९ पासून व्याज चढले. १९८० मध्ये त्यांच्याच सरकारने रशियाला धान्य विकायला बंदी घातली. भाव पडले, जमिनीची किंमत उतरली, कर्जाचा आकडा तेवढा जागच्या जागी राहिला. आजापणजाची शेते लिलावात निघाली. या ध्वनिमुद्रिकेतले पहिलेच गाणे त्यावर आहे. त्यात लिलाव पुकारायला येतो तो घरचाच जुना स्नेही. आणि लगेच दुसऱ्या जागी मेलनकॅम्पची सख्खी आजी एक जुने गाणे गाते.

त्या लिलाववाल्याचे दुःख मला कळले ते नोकरीला लागल्यावर. माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बँकेने ओढून नेला. 'घ्या कर्ज, फिटेल' असे त्याच्या ओसरीवर बसून मीच सांगितले होते. दोन हंगाम पावसाने दगा दिला, विहिरीने तळ गाठला. जप्तीच्या पंचनाम्यावर सही करणाऱ्यांत मीही होतो. कागद सगळे बरोबर होते. जाताना त्याने मला चहा विचारला. तो मी घेतला, पण त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवायला मला वर्ष लागले.

मेलनकॅम्प नुसता गाऊन थांबला नाही, हेही सांगायला हवे. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावी विली नेल्सन आणि नील यंग यांच्याबरोबर त्याने शेतकऱ्यांच्या मदतीसाठी मोठा जलसा भरवला, 'फार्म एड'. सत्तर लाख डॉलरांहून जास्त पैसा उभा राहिला. १९८७ मध्ये तो आणि नेल्सन शेतकऱ्यांना घेऊन थेट तिथल्या संसदेपुढे गेले. त्यानंतर शेतकर्जाचा नवा कायदा झाला.

दुसरी १९८७ ची 'द लोनसम ज्युबिली'. हिच्यात फिडल आहे आणि अकॉर्डियन आहे. अकॉर्डियन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीची चुलतबहीण. आमच्या सौ.च्या मते पहिला नंबर हिचाच. बुजगावण्याने जेवण गोड लागत नाही म्हणते. ती अगदीच चुकीचे बोलत नाही.

तिसरी २०१० ची 'नो बेटर दॅन धिस'. जुने टेपयंत्र, एकच मायक्रोफोन, भोवती सगळे वादक. काही गाणी सव्हाना शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये मुद्रित केली. म्हाताऱ्या गळ्याची खरखर तशीच ठेवली आहे. मला आवडते, पोरांना नाही.

१९८३ ची 'अह-हह' मधल्या ढिगात. १९८२ ची 'अमेरिकन फूल' तिकडच्या यादीत नऊ आठवडे पहिली होती. माझ्या यादीत मात्र ती 'अह-हह'च्याही खाली. चाली गोड आहेत, पण हा माणूस कुठल्या मातीतला ते तिच्यात कळत नाही.

चिंगळी म्हणजे १९७६ ची पहिलीच, 'चेस्टनट स्ट्रीट इन्सिडेंट'. काही गाणी दुसऱ्यांची, आणि व्यवस्थापकाने याला न विचारताच वर नाव छापले 'जॉनी कूगर'. पिशवीवर एक वाण, आत दुसरेच बी! आपले खरे आडनाव एकट्याने मिरवायला त्याला १९९१ साल उजाडले.

सौ. अजून दोन नंबरवरून रुसलेली आहे. पुढच्या अंकात रांगड्या कांद्याच्या रोपवाटिकेबद्दल.