नायोबियमची मक्तेदारी आणि आपले खनिज धोरण

एखादे खनिज ‘अत्यावश्यक’ म्हणून शासनाने घोषित केले, की ते लवकरच आपल्या भूमीतून निघू लागेल असा समज सहज रूढ होतो. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या ३० खनिजांच्या यादीत नायोबियमचा समावेश झाला. ऑगस्टमध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ते अणुखनिजांच्या यादीतून वगळले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यावरील स्वामित्वधन सरासरी विक्री किमतीच्या ३ टक्के ठरले. ही पावले स्वागतार्हच आहेत. तथापि, नायोबियमचे अर्थकारण लिलावाच्या दालनात नव्हे, तर खडकाच्या झिजेत घडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

एक टन पोलादात काहीशे ग्रॅम नायोबियम मिसळले, तरी त्याची ताकद लक्षणीय वाढते. वायुवाहिन्या, पूल आणि मोटारी यांसाठी असे पोलाद लागते. जगातील सुमारे ९० टक्के नायोबियम एकट्या ब्राझीलमधून येते, आणि त्यातही मोठा वाटा मिनास जेराइस राज्यातील अराशा येथील खाणीचा आहे. भारत आपली गरज आयातीवर भागवतो.

अराशाला हे वैभव कसे लाभले? तेथील मूळ खडक कार्बोनेटाइट, म्हणजे शिलारसापासून घडलेला चुनखडीसारखा खडक. उष्ण व दमट हवेत पावसाच्या पाण्याने त्यातील कॅल्साइट, डोलोमाइट विरघळून गेले. नायोबियम धारण करणारे पायरोक्लोर मात्र चिवट; ते मागे उरले आणि साठत गेले. कोकणात काळ्या पाषाणाचा जांभा होतो, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. परिणामी शंभर मीटरहून अधिक जाडीच्या मऊ थरात नायोबियम ऑक्साइडचे प्रमाण सुमारे अडीच टक्के झाले. कॅनडातील क्विबेकमध्ये न झिजलेल्या खडकातून, भूमिगत खाणीतून, जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपासचे खनिज काढावे लागते. निसर्गाने केलेली ही मजुरी उत्पादनखर्चात कोठेच मांडली जात नाही!

परंतु झीज ही निव्वळ कृपा नव्हे. तिच्यामुळे पायरोक्लोरमधील कॅल्शियम व सोडियम निघून जाऊन त्यांची जागा बेरियम घेते. सोबत लोहाची ऑक्साइडे, बारीक गाळ आणि फॉस्फरस येतात. पोलादाला फॉस्फरस वर्ज्य. म्हणूनच खनिजातील टक्केवारी पुरेशी नसते. ते कोणत्या कणांत, किती बारीक आणि कोणाच्या संगतीत आहे, यावर त्याचे मोल ठरते.

या मक्तेदारीलाही मर्यादा आहे. पोलादात व्हॅनेडियम नायोबियमची जागा बव्हंशी घेऊ शकते. २०१८ मध्ये चीनने बांधकामाच्या सळयांचे निकष कडक केले, तेव्हा व्हॅनेडियमचे भाव भडकले आणि कारखानदार नायोबियमकडे वळले. उलट दिशेनेही हे घडू शकते, हे विक्रेता जाणतो. तरीही पुरवठ्याची हमी हवी म्हणून २०११ मध्ये जपान-कोरियाच्या आणि चीनच्या गटांनी अराशाच्या सीबीएमएम कंपनीत प्रत्येकी १५ टक्के भाग विकत घेतले. त्यांत एकही भारतीय कारखाना नव्हता.

आपल्याकडे कार्बोनेटाइट नाही असे नाही. गुजरातेतील आंबाडोंगर, तामिळनाडूतील सेवात्तूर, मेघालयातील सुंग खोरे ही नावे भूवैज्ञानिकांना परिचित आहेत. आंबाडोंगरच्या कार्बोनेटाइटची ओळख १९६३ मध्ये पटवून देणाऱ्यांत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. सुखेस्वाला होते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या संशोधनातून राष्ट्रीय संपत्तीचा माग लागतो, याचे हे उदाहरण आजच्या विद्यापीठांनी विसरू नये.

तेव्हा क्रम उलटा नको. आधी खनिजाचे कणाकणाने परीक्षण, मग प्रक्रियेचे प्रयोग, आणि त्यानंतर लिलाव. बोली लावणाऱ्याच्या हाती केवळ नकाशा आणि टक्केवारी दिली, तर तो एकतर फिरकणार नाही किंवा पट्टा घेऊन स्वस्थ बसेल. दरम्यान, परदेशी खाणीत भागीदारी मिळवणे हा आपल्या पोलाद उद्योगापुढचा व्यवहार्य मार्ग आहे. प्रयोगशाळेवरील खर्च लिलावाच्या उत्पन्नापूर्वी करावा लागतो. तो करण्याची तयारी अर्थसंकल्पात दिसली, तरच त्या यादीला अर्थ प्राप्त होईल.